दहा टायरी, बारा टायरी आणि ड्रायव्हरची कंबर

सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेली दहा टायरी गाडी आणि जळगाव एमआयडीसीतून पीव्हीसी पाइप भरून इंदूरकडे निघालेली दहा टायरी. कंपनी तीच, मॉडेल तेच, टायर तेच, कमानीसुद्धा (एक्सलवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा) कंपनीच्याच. तरी केळीवाला उस्ताद निवांत बसलेला असतो आणि पाइपवाला चोपडा ओलांडेपर्यंत कंबर धरतो. ड्रायव्हर म्हणतो गाडी कडक आहे, मालक म्हणतो ड्रायव्हर नाजूक आहे. खरं कारण मागे, बोगीवर, म्हणजे मागच्या दोन एक्सलच्या जोडीवर आहे. पाइपाने बॉडी गच्च भरते, पण वजन भरतं जेमतेम पाच-सहा टन. आणि खालच्या कमानी बनल्यात एकवीस टनांच्या हिशेबाने.

‘जितकी चाकं जास्त तितकी गाडी मऊ’ हा समज आपल्याकडे पक्का बसलाय. जुनी सहा टायरी विकून बारा टायरी घेताना ‘आता ड्रायव्हरलाही आराम’ असं म्हणतातच. मिळतो, पण कधी मिळतो आणि कधी उलटं होतं हे आधी समजून घेतलेलं बरं. एका एक्सलवर त्या घडीला किती वजन आहे, शेजारचे एक्सल ते एकमेकांत वाटून घेतात का, आणि ड्रायव्हरची सीट या एक्सलांच्या मानाने कुठे आहे, एवढ्यावर बहुतेक सगळं ठरतं. चाकांची संख्या नंतर येते.

आधी वजनं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलची मर्यादा वाढवली. पुढच्या दोन टायरी एक्सलला ६ ऐवजी ७ टन, मागच्या चार टायरी एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन, आठ टायरांच्या बोगीला १९ ऐवजी २१ टन आणि ट्रेलरच्या तिहेरी एक्सलला २४ ऐवजी २७ टन. म्हणजे सहा टायरी साडेअठरा टनांची झाली, दहा टायरी अठ्ठावीसची. मालकाच्या दृष्टीने फायदाच. पण जी कमान जास्त वजन पेलते ती कडक असते, आणि ती कडक कमान खाली, म्हणजे रिकाम्या गाडीतही तीच राहते. परतीच्या खेपेत तिला कुणी मऊ करत नाही.

टेप आणि काटा

आपली गाडी किती कडक आहे हे अंदाजाने बोलायचं कारण नाही, मोजता येतं. सपाट जागी खाली गाडी उभी करा. मागच्या एक्सलच्या बरोबर वर, चेसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) खालच्या कडेपासून हौसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) वरच्या बाजूपर्यंत अंतर मोजून खडूने खूण करा. मग काट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. गाडी भरल्यावर पुन्हा त्याच खुणेवर अंतर आणि पुन्हा मागच्या चाकांचं वजन. चाकं, हौसिंग, ब्रेक ड्रम यांचं साधारण सव्वा टन वजन कमानीवर येत नाही, ते दोन्ही वेळा वजा करायचं.

समजा सहा टायरी गाडीच्या मागे खाली असताना पावणेचार टन भरलं आणि भरल्यावर सव्वाअकरा. कमानीवरचं वजन झालं अडीच टन आणि दहा टन. मधल्या साडेसात टनांनी गाडी ६ सेंटीमीटर बसली असेल, तर एक सेंटीमीटर बसायला सव्वा टन लागतो. म्हणजे भरलेल्या गाडीत कमान एकूण ८ सेंटीमीटर दबलेली आहे आणि खाली गाडीत फक्त २. आता ५ ला त्या सेंटीमीटरच्या वर्गमुळाने भागा, कमान सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहते ते मिळतं. भरलेली गाडी : ५ भागिले २.८३, म्हणजे पावणेदोन. खाली गाडी : ५ भागिले १.४१, म्हणजे साडेतीन. हेल्पर कमान (फक्त जास्त वजनाला टेकणारी जादा कमान) असेल तर ती टेकल्यानंतरचा हिशेब थोडा बदलतो, पण कल कळायला एवढं पुरे.

हे आकडे महत्त्वाचे का, तर बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या धक्क्याला सगळ्यात जास्त त्रासतं ते सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांच्या टप्प्यात. अंगावरचं कंपन मोजण्याचं जे जागतिक मानक आहे, आयएसओ २६३१, त्यातही याच टप्प्याला जास्त भार दिलाय. पोट, पाठीचा कणा, खांदे याच वेगाला हलतात. भरलेली गाडी या टप्प्याच्या बरीच खाली राहते, खाली गाडी त्याच्या दारात येऊन उभी राहते. त्यात लांब चेसी स्वतः मधोमध लवते, तीही साधारण याच टप्प्यात. म्हणून वीस-बावीस फुटी बॉडीची गाडी खाली असली की नुसता आवाज नाही, अंगात शिरशिरी येते.

दुसरी भानगड पाट्यांमधल्या घर्षणाची. जुन्या धाटणीच्या कमानीत दहा-बारा पाटे एकावर एक असतात. धक्का त्या घर्षणापेक्षा लहान असेल तर कमान हलतच नाही, सगळी गाडी नुसत्या टायरच्या रबरावर उडते. भरलेल्या गाडीत धक्क्याचा जोर मोठा म्हणून पाटे सरकतात. खाली गाडीत बारीक गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर ते जाम. पाट्यांमध्ये गंज आणि तापीकाठची माती बसली असेल तर आणखी जाम. पॅराबोलिक कमानीत दोन-तीनच पाटे असतात आणि ते फक्त टोकाला व मधे टेकतात, त्यामुळे बारीक धक्काही गिळला जातो. मात्र तिथे घर्षण नसल्याने सगळी मदार शॉकअपवर. शॉकअप गेलेली पॅराबोलिक गाडी एका खड्ड्यानंतर चार वेळा डोलते, आणि मग ‘नवीन टेक्निक बेकार’ म्हणून बोल लागतो तो कमानीला.

बोगी

दहा टायरीच्या मागच्या दोन एक्सलची जोडी म्हणजे बोगी. तिची खुबी दोन एक्सलच्या मधल्या दुव्यात आहे, चाकं आठ आहेत यात नाही. सहा बाय दोन (सहा चाकजागांपैकी दोनच इंजिनाने फिरणाऱ्या) मालवाहू ट्रकांत बहुधा पुढची कमान आणि मागची कमान बेलक्रँकने किंवा रॉकरने, म्हणजे टेकूवर फिरणाऱ्या दांडीने, जोडलेली असते. डंपरमध्ये उलटी कमान मधोमध ट्रनियनवर (आडव्या फिरत्या खुंटीवर) बसवतात आणि तिची दोन टोकं दोन एक्सलवर. दोन्हीकडे काम तराजूच्या दांडीचं : एक पारडं चढलं की मधला टेकू निम्माच चढतो. एका एक्सलचं चाक १० सेंटीमीटर उंच दगडावर गेलं तर चेसी ५ सेंटीमीटरच उचलली जाते.

दोन एक्सलमधलं अंतर साधारण १.३५ ते १.४ मीटर. ताशी ४० ला ते अंतर कापायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. म्हणजे सहा टायरीला जो एक १० सेंटीमीटरचा तडाखा बसतो, तो बोगीला ५-५ सेंटीमीटरचे दोन म्हणून बसतो, लागोपाठ. गावच्या गतिरोधकावर हा फरक चांगलाच जाणवतो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा करत जाणाऱ्या अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर गतिरोधकांना तोटा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे ताशी २५ साठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची असायला हवा. गावात रात्रीतून उभा राहिलेला हातभर रुंदीचा असतो. तो बोगीने निम्मा होतो, पुढच्या एकट्या एक्सलने मात्र अख्खा खावा लागतो.

बोगीलाही आवडता आणि नावडता रस्ता असतो. लाटांमधलं अंतर २.८ मीटरच्या आसपास असेल तर एक एक्सल चढावर असताना दुसरा उतारावर असतो, दोन्ही एकमेकांना मारतात, चेसी जवळजवळ शांत. पण १.४ मीटरच्या लाटा असतील तर दोन्ही एक्सल एकदम चढतात, एकदम उतरतात, आणि वाटून घ्यायला काही उरत नाही. ताशी ४० ला त्या लाटा सेकंदाला आठ बसतात. वळणाआधी किंवा टोलनाक्याआधी जिथे सगळे ब्रेक मारतात तिथे डांबर असंच सुरकुततं. अशा ठिकाणी बोगीची चाकं थडथडतात, कारण बहुतेक बोग्यांना मागे शॉकअप नसतोच. त्यावर उपाय म्हणजे सुरकुत्यांच्या आधीच ब्रेक मारून घेणे आणि त्यांच्यावरून पाय सोडून जाणे.

आणि हे सगळं दुवा मोकळा असेल तर. बेलक्रँकचे किंवा ट्रनियनचे बुश जाम झाले की दांडी फिरत नाही. मग तुमच्याकडे बोगी उरत नाही, दोन सुटे कडक एक्सल उरतात आणि प्रत्येक उंचवट्यावर एकच एक्सल सगळं वजन घेतो. पाटे तुटायला लागतात तेव्हा लोक पाट्याच्या कंपनीला शिव्या देतात. आधी ग्रीस गेलंय का बघा.

लिफ्ट एक्सल, म्हणजे हवेचा हिशेब

बारा आणि चौदा टायरीत हवेच्या फुग्यांवरचा लिफ्ट एक्सल, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता-टेकवता येणारा एक्सल, आता सर्रास दिसतो. त्याचं वजन कमान ठरवत नाही, फुग्यातली हवा ठरवते. इथेच गोंधळ होतो. हवा कमी ठेवली तर लिफ्ट एक्सल नुसता रस्त्यावर फिरतो आणि बोगी ओव्हरलोड होते. हवा जास्त ठेवली तर तो बोगीचं वजन स्वतःवर ओढतो, चालणाऱ्या चाकांची पकड जाते आणि ओल्या लळिंग घाटात चाक जागच्या जागी फिरायला लागतं. कंपनीने वजनाप्रमाणे प्रेशर दिलेलं असतं, तेच ठेवायचं. डोळ्याने ठरवायचं नाही.

खाली गाडीत लिफ्ट एक्सल वर घ्यावाच. टायर आणि डिझेल वाचतं हे सगळ्यांना माहीत आहे, कंबरही थोडी वाचते. जे वजन तीन एक्सलवर पातळ पसरलं होतं ते दोनवर येतं. शिवाय उचललेल्या एक्सलचं आणि चाकांचं स्वतःचं वजनही आता चेसीला लटकतं, म्हणजे कमानीवर येतं. कमान जितकी दबेल तितकी मऊ वागते, हे वर मोजलंच.

भरलेल्या गाडीत घाटात पकड मिळावी म्हणून लिफ्ट एक्सल वर घेणारे उस्ताद आहेत. त्याने होतं काय, तर त्या एक्सलवरचे सहा-सात टन बरेचसे बोगीवर आणि उरलेले पुढे जातात. कमान रबरी स्टॉपला टेकते, आणि कमान टेकली की आराम हा विषयच संपतो, धक्का थेट चेसीतून केबिनमध्ये. लिफ्ट एक्सल बोगीच्या पुढे असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट होते : तो खाली असताना मागच्या गटाचा मध्य पुढे सरकतो, गाडी जणू आखूड होते आणि जरा जास्त डुलते. हा दोष नाही, मांडणीचा स्वभाव आहे.

पुढचे दोन एक्सल आणि ड्रायव्हरची जागा

ज्या बारा टायरीत पुढे स्टिअरिंगचे दोन एक्सल असतात, तिथे ड्रायव्हरला खरा फायदा मिळतो. पुढचं तोंड दोन कमान-जोड्यांवर टेकलेलं असतं. एका एक्सलखाली दगड आला की तोंड साधारण निम्मंच उचललं जातं. तुटक खड्ड्यांच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत, पुढे दोन एक्सल असलेली गाडी एकेरीपेक्षा स्पष्टपणे बरी. दोन्ही एक्सल आपसात जोडलेले नसतील तर उंच गतिरोधकावर मात्र पहिला एक्सल चढताना दुसऱ्याचं ओझं हलकं होतं आणि पहिल्यावर जादा येतं. म्हणून तिथे सावकाश. किंमत मोजावी लागते ती स्टिअरिंगच्या सांध्यांत. दोन एक्सल जोडणाऱ्या रॉडचे बॉल जॉइंट, चार किंगपिन (चाक ज्यांच्याभोवती वळतं त्या खुंट्या), चार चाकांचं अलाइनमेंट. एका एक्सलचं अलाइनमेंट करून दुसरा तसाच सोडला तर दोन्ही जोड्या एकमेकींशी भांडतात, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि टायर करवतीसारखे झिजतात.

आता सीट. जुन्या नाकवाल्या गाडीत ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या मागे बसायचा. सपाट तोंडाच्या केबिनमध्ये तो एक्सलच्या वर किंवा थोडा पुढेच बसतो. गाडी मागे-पुढे डुलते तेव्हा टोकाला बसलेल्याला जास्त झोके मिळतात. शिवाय तो उंच बसलेला. डुलण्याच्या मध्यापासून डोकं दीड मीटर उंच असेल, तर गाडी फक्त एक अंश डुलली तरी डोकं अडीच सेंटीमीटर पुढे-मागे जातं. आडव्या हलण्याला शरीर सगळ्यात जास्त कंटाळतं ते सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांना, आणि भरलेली गाडी नेमकी तितक्याच वेगाने डुलते. हवेची सीट उभा धक्का गिळते, हे पुढे-मागे ढकलणं तिच्या हातात नाही. सीट बदलूनही पाठ दुखते म्हणणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. भुसावळच्या उन्हात ती हवीच होती. केबिनच्या चार कोपऱ्यांच्या स्प्रिंग आणि शॉकअपबद्दल मात्र शोरूममध्ये कुणी विचारत नाही.

काळी माती आणि सिमेंटचे सांधे

खानदेशात गाडी डुलण्याचं मोठं कारण जमिनीतच आहे. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या डांबराला खड्डा नसला तरी लांब लाटा पडतात. दुचाकीवाल्याला त्या कळतही नाहीत. ट्रकला कळतात, कारण लाटेची लांबी पुढचा एक्सल आणि बोगीचा मध्य यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट झाली की पुढचं तोंड चढावर असताना मागचं खोलात असतं, आणि गाडी शुद्ध डुलते. अंतर ५.२ मीटर धरा, वाईट लाट १०.४ मीटरची. ताशी ६० ला ती सेकंदाला १.६ वेळा येते, म्हणजे भरलेल्या गाडीच्या स्वतःच्या वेगाजवळ. ताशी ४५ ला १.२ वेळा. अशा पट्ट्यात वेग पंधराने कमी केला की डुलणं लगेच बसतं. लांब चेसीला तेवढीच उंच लाट कमी अंशाने डुलवते, पण तिची वाईट लाटही लांब असते, आणि लांब लाट वेगात सापडते. पूर्ण सुटका कोणत्याच मांडणीत नाही.

सिमेंटच्या रस्त्याचं गणित वेगळं. सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. सांधा नीट असेल तर काही कळत नाही, एक फळी खाली बसली असेल तर प्रत्येक सांध्याला ठोका. ताशी ६० ला सेकंदाला ३.७ ठोके. वर मोजलेली खाली सहा टायरी आठवा, तिचा स्वतःचा वेग साडेतीन. म्हणजे ताशी ५५ ते ६० ला रस्ता आणि कमान एकाच तालात येतात आणि मागचा फाळका थाडथाड वाजायला लागतो. तीच गाडी भरलेली असेल तर तो ताल ताशी तीसच्या आत येतो, जिथे हायवेवर कुणी चालवतच नाही. खाली गाडी असेल तर ताशी ४५ च्या आत राहा. वर ७५-८० ला ताल मोडतो खरा, पण ठोके सेकंदाला पाचच्या घरात जातात, आणि ते शरीराला मानवत नाहीत.

गतिरोधकावर सगळ्यात जास्त नुकसान ब्रेकने होतं. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली असतं, पुढच्या कमानीची दबायची जागा आधीच संपलेली असते. चाक चढायच्या आधी वेग पाडून पाय सोडला की कमान परत उठते आणि धक्का घेते. तिरकी गाडी घालायची सवयही सोडावी. कारला ते चालतं. भरलेल्या ट्रकची चेसी त्याने पिळली जाते आणि केबिन डावी-उजवीकडे फेकली जाते.

ट्रेलर

दोन एक्सलचा घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि मागे तीन एक्सलचा ट्रेलर, म्हणजे अठरा टायरी, साडेपंचेचाळीस टन. घोडा आखूड, त्यामुळे मुळात डुलणारा. त्यात ट्रेलरचं उडणं ट्रेलरच्या किंगपिनमधून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खुंटीतून) पुढे येतं आणि ड्रायव्हरला पाठीत गुद्दे बसल्यासारखं होतं. बोगीवाला घोडा, बावीस टायरी, भरलेला असताना बराच शांत. पाचव्या चाकाच्या, म्हणजे ती खुंटी पकडणाऱ्या घोड्यावरच्या तबकडीच्या, जबड्यात ढिलेपणा असेल तर दोन्हींत फरक राहत नाही, तेव्हा कोंडाईबारी घाटात शिरण्याआधी तो ढिलेपणा काढून घ्यावा. ट्रेलरला हवेचं सस्पेन्शन मिळतं. त्याचा फायदा असा की वजन बदललं तरी हेलकाव्याचा वेग जवळजवळ तोच राहतो, सेकंदाला दीडच्या आसपास. फुगे, व्हॉल्व्ह आणि हवेची गळती सांभाळणारा मिस्त्री जवळ असेल तरच घ्या.

कमानवाल्याकडे

‘भाऊ, एक पाटा टाकून द्या.’ धुळे-जळगावच्या कोणत्याही कमानवाल्याकडे दिवसभर हेच ऐकू येतं. दहा सारख्या पाट्यांत अकरावा टाकला तर कडकपणा साधारण दहा टक्के वाढतो, ते एकवेळ ठीक. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशेब घनाने वाढतो. १२ मिलीमीटरच्या जागी १४ चा पाटा टाकला की तो पाटा एकटा जवळजवळ १.६ पट कडक. शिवाय जाड पाटा पातळ पाट्यांबरोबर वाकू शकत नाही, ताण त्याच्यावर जास्त येतो आणि आधी तोच तुटतो. मग आणखी जाड टाकतात. वजन खरंच वाढलं असेल तर हेल्पर कमान नीट बसवून घ्या. ती खाली गाडीत टेकत नाही, म्हणून परतीची खेप खराब होत नाही.

नवी कमान टाकली की ५०० ते १००० किलोमीटरनंतर यू-बोल्ट (कमान एक्सलला बांधणारे) पुन्हा आवळायचे, गाडी भरलेली असताना, पुस्तकातल्या टॉर्कने. यू-बोल्ट ढिला राहिला की सेंटर बोल्ट कातरला जातो, एक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. शॅकल पिनला (कमानीच्या टोकाच्या झुलत्या जोडाच्या खुंटीला) ग्रीस देताना चेसी जॅकने उचलून पिनवरचा भार काढायचा. भार असताना ग्रीस फक्त मोकळ्या बाजूने बाहेर येतं, झिजणारी बाजू कोरडीच राहते. टॉर्क रॉडचे (एक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेले की गाडी उठताना आणि ब्रेकला मागून ‘टक्’ येतो. पुढचे शॉकअप जिवंत आहेत का बघायला पंधरा-वीस किलोमीटर खराब रस्त्यावरून आल्यावर हात लावा. जो गरम तो काम करतोय. थंड असेल तर तो फक्त लटकलाय.

जोडीच्या टायरांचा व्यास ६ मिलीमीटरपेक्षा जास्त वेगळा नको. मोठा टायर सगळं वजन घेतो, लहान घासत फिरतो. हवेबद्दल : भरलेल्या गाडीची हवा, समजा ११५-१२० पीएसआय, कायम चटई आणि पाइप वाहणाऱ्या गाडीत ठेवायचं कारण नाही. टायर कंपनीच्या वजन-हवा तक्त्यात आपल्या एक्सलचं खरं वजन बघा आणि तेवढीच ठेवा, पण थंड टायरला मोजून. दुपारी तापलेल्या टायरची ‘वाढलेली’ हवा काढली की पहाटे तो कमी हवेवर चालतो आणि बाजू फाटते.

माल भरताना मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकणाऱ्या भागात वजन कमी ठेवा. गाडीचं उडणं आणि डुलणं दोन्ही त्या टोकाला एकत्र होतं. केळीत सगळ्यात जास्त काळे डाग मागच्या आणि वरच्या थरात दिसतात ते त्यामुळेच, नेहमीच भरणारा चुकलेला असतो असं नाही. क्रेट असतील तर ते मागे, सुटा माल पुढे.

जुनी गाडी घेताना पाट्यांची संख्या मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा चेसीखाली वाकून रबरी स्टॉप बघा. त्यावर धूळ बसलेली असेल तर कमान आपल्या मापात चाललीय. रबर चकचकीत, दबलेलं किंवा एका बाजूने फाटलेलं असेल तर ती गाडी वर्षानुवर्षं टेकत चाललेली आहे, आणि हँगर ब्रॅकेटच्या (कमान चेसीला टांगणाऱ्या ब्रॅकेटच्या) रिबीटांभोवती बारीक तडे शोधायला टॉर्च काढा.